तन्वीच्या बोर्डिंगचं गाऱ्हाणं

गोव्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या गडहिंग्लजात लोक आधी गालातल्या गालात हसतात आणि मग विचारतात, "समुद्र बघितला का?" नाही बघितला. इतके दिवस गोव्यात राहिले, पण समुद्राच्या पाण्यात पायाचं बोट बुडवलं नाही. गोव्यात समुद्र नसलेलीही गावं असतात, तिथं माणसं राहतात, त्यांना पोरंबाळं असतात आणि पोरांच्या शाळेवरून त्यांच्या घरात भांडणं होतात, हे आमच्या लोकांना सांगायला गेलं तर त्यांची तोंडं उतरतात. उतरू देत. मी गेले होते भांडायला, आणि भांडून आले.

झालं असं की माझी धाकटी बहीण सुमन, आम्ही तिला सुमी म्हणतो, डिचोलीजवळच्या एका गावात दिलेली आहे. तिचा रडत रडत फोन आला. "अक्का, हे तन्वीला बोर्डिंगात टाकायला निघालेत. माझं इथं कोण ऐकत नाही. तू ये." तन्वी म्हणजे तिची एकुलती एक लेक, चौदा वर्षांची, नववीत गेलेली. आणि बोर्डिंग कुठं, तर मोपाला, विमानतळाच्या पठारावर. घरापासून गाडीनं तासाभराचा रस्ता! आता मला सांगा, तासाभरावर असलेल्या शाळेत पोरगी राहायला कशाला ठेवायची? माझं शिवणकामाचं दुकान आहे, मे महिना म्हणजे लग्नाच्या ब्लाउजांचा हंगाम, श्वास घ्यायला सवड नाही. पण मी कात्री ठेवली, शटर ओढलं आणि निघाले.

गुरुवार, डिचोली

चंदगडवरून तिलारीचा घाट उतरला की हवा एकदम ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. दोडामार्गाला गोव्याची हद्द लागते, माती लाल होते आणि रस्त्याकडेला काजूचा आंबूस वास सुरू होतो. डिचोलीला बस थांबली तेव्हा माझ्या पिशवीतून आणखी एक वास सुटला होता. सुमीसाठी हिरव्या मिरचीचा खर्डा घेतला होता, त्या बरणीचं झाकण घाटातल्या वळणांनी सैल झालं होतं. माझं एक पातळ कायमचं गेलं. शेजारचा माणूस बसभर शिंकत होता, पण बिचारा काही बोलला नाही. आमच्याकडं असतं तर अर्धी गाडी उठून भांडली असती.

न्यायला तन्वीच आली होती. दोन वर्षांत पोर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. तिनं माझ्या हातातली जड पिशवी न विचारता घेतली. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "काय गं, जायचंय का तुला त्या बोर्डिंगात?" तर बाहेर बघत म्हणाली, "पप्पा म्हणतात तर बघू." एवढंच. मी मनात म्हटलं, बघा, पोरीचं तोंड बंद करून टाकलंय ह्या लोकांनी.

सुमीचं घर कुळागराला लागून आहे. खाली सुपारीची बाग, वर लाल डोंगराची खरवडलेली कड. एके काळी इथनं खनिजाचे ट्रक असे जायचे की दोरीवरचे कपडे वाळायच्या आत लाल व्हायचे. तिचे यजमान, विनायकराव, त्यांचे दोन ट्रक होते. खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात गंजले. आता विनायकराव मुरगावला बंदरात नोकरी करतात, आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहतात, शुक्रवारी रात्री येतात. आणि सुमीनं घर सावरलं ते डब्यांवर. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या भागातली, बेळगावकडची पोरं कामाला आहेत. त्यांना हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, दोन दिवस गोड लागतो, तिसऱ्या दिवशी भाकरी आठवते. त्यांना सुमी भाकरी, झुणका, वांगं असा डबा देते. रात्री ताटात सुमीनं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वाढलं आणि मला अगदी अभिमान वाटला. परक्या मुलखात बाई उभी राहिली, ही काय साधी गोष्ट आहे?

शुक्रवार, दिवसाची शाळा

पहाटे थापण्याच्या आवाजानं जाग आली. बाहेर अजून काळोख होता. आत जाऊन बघते तर चुलीपुढं तन्वी. परातीत पीठ, तव्यावर भाकरी, निखाऱ्याला टेकवलेली दुसरी. सुमी शेजारी वांगी चिरत होती. पोरीचा हात असा चालत होता की काठाला एक चीर नाही. मला राहवलं नाही. "काय टुमटुमीत फुगतेय गं! बापाचं गाव कुठलं का असेना, हात आपला गडहिंग्लजचा!" तन्वी हसली. मग सुमीनं डबे भरले आणि तन्वीनं ते सायकलला टांगून मेन रोडवरच्या टपरीपर्यंत नेऊन दिले. ती परत आली तेव्हा पोदेर, म्हणजे त्यांचा पाववाला, पों-पों करत दारात उभा होता. तिनं गोल उंडे घेतले, चहा केला, शेजारच्या आजीला तिच्या खिडकीतून कप दिला. खिडकीला तिथं जनेल म्हणतात. आमच्याकडं पाव खातात ते आजारी पडल्यावर. इथं सकाळी पाव आला नाही तर माणसं आजारी पडतील.

सुमी म्हणाली, "बघितलंस? हिच्याशिवाय माझं पान हलत नाही. आणि हिला हे बोर्डिंगात टाकणार."

"मी बसलेय ना," मी म्हटलं.

त्या दिवशी मी मुद्दाम तिची डिचोलीची शाळा बघायला गेले. सुट्टी होती, पण मुख्याध्यापिका कार्यालयात होत्या. चांगल्या बाई. वर्ग हवेशीर, अंगणात भला मोठा वड. "मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण गेल्या वर्षी पहिल्या तासाला पेंगायची. मोबाइल बघते का रात्री?" मला राग आला. आजकाल पोर जांभई देईल तर मोबाइल, शिंकेल तर मोबाइल. मी म्हटलं, "आमच्या तन्वीच्या हातात मोबाइल नसतो, परात असते." बाई चष्मा काढून पुसत बसल्या.

शाळेबाहेर भाजी-पाव खाल्ला, आंबटगोड पातळ भाजी आणि वर चुरचुरीत मिरची, त्यानं जरा डोकं थंड झालं. पण पुन्हा तापलं. कारण तन्वी म्हणाली, "मावशी, तू घरी जा, माझी ट्यूशन आहे." भर मे महिन्यात? हो. गणिताची एकीकडं, विज्ञानाची दुसरीकडं. शाळा चालू असते तेव्हा शाळा, मग ट्यूशन, मग दुसरी ट्यूशन, आणि घरी येते तेव्हा दिवे लागलेले असतात. ह्याला म्हणायचं दिवसाची शाळा! पोरीला दिवस कुठला ठेवलाय ह्यात? मी ट्यूशनवाल्या सरांना दारातच विचारलं, "शाळेत काय फक्त हजेरी घेतात का?" ते म्हणाले, "सगळीच मुलं येतात हो." सगळीच येतात हे काय कारण झालं? मेंढरंही सगळीच जातात.

रात्री विनायकराव आले. माणूस वाईट नाही. पण गोव्याची माणसं भांडत नाहीत, हीच त्यांच्याशी भांडायची अडचण. मी चार वाक्यं सुनावली की ते म्हणायचे, "अक्का, आधी शाळा पळया, मागीर काय तें बोला." पळया म्हणजे बघा, मागीर म्हणजे नंतर. सगळं मागीर!

शेवटी एकदा त्यांचा आवाज चढला. "आमचें आयुष्य ट्रकाच्या चाकाखाली गेलें. दारात विमानतळ आला. तिथं खुर्चीत कोण बसतात? बाहेरचे. आणि आमची पोरं बाहेर गाड्यांक हात करतात. माझ्या चेडवान आत बसूंक जाय." म्हणजे त्यांच्या लेकीनं आत बसायला हवं. स्थानिक मुलांसाठी त्या शाळेनं काही जागा सवलतीत ठेवल्या होत्या, सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तन्वी पाण्याचे तांबे आणून ठेवत होती आणि आम्ही तिघं तिच्या डोक्यावरून बोलत होतो.

शनिवार, मोपा

मोपाचं पठार म्हणजे जांभ्याचा उघडा सडा. मे महिन्यात तवा बरा. एवढ्यात एक विमान पोट दाखवत डोक्यावरनं गेलं आणि सुमीनं कानावर हात घेतले. शाळेला काचाच काचा. गेटावर पहारेकऱ्यानं माझी पिशवी उघडली. खर्ड्याची बरणी बदलली तरी वास तसाच होता. "बाहेरचं खायला न्यायची परवानगी नाही, मावशी," म्हणाला, आणि मग हळूच, "कुठला हो हा? आमच्याकडचा वाटतोय." निघाला खानापूरचा. मी त्यालाच सरळ विचारलं, "काय रे, पोरं रडतात का इथं?"

"पहिला महिना गेटापर्यंत येत्यात. रस्त्याकडं बघत उभी राहत्यात. मग येत न्हाईत."

"ऐकलंत?" मी विनायकरावांना म्हटलं. "मग येत नाहीत! घर विसरतात!" विनायकरावांनी घाम पुसला.

आत कोट घातलेली एक मुलगी आम्हाला दाखवायला आली. तिनं आम्हाला छोट्या गाडीत बसवलं. शाळा दाखवायला गाडी लागते, मग मुलं चालतात की नाही? पोहण्याचा तलाव दाखवला, घोडे दाखवले. घोडे! डिचोलीच्या पोरीनं घोड्यावर बसून जायचं कुठं? जेवणाची खोली दाखवली, मेजावर काटे आणि कुलेर, म्हणजे चमचे, ओळीनं लावलेले. विनायकरावांनी इतक्या वेळात पहिला प्रश्न विचारला, "नुस्तें मेळटा?" मासे मिळतात का? कोटवाली म्हणाली, "महिन्यातून एकदा फिश फिंगर्स असतात." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गोव्याच्या माणसाला तुम्ही खाणी बंद झाल्याचं सांगा, ट्रक विकायला सांगा, सोसेल. महिन्यातून एकदा मासा, तोही बोटाएवढा! मला वाटलं, जिंकली लढाई, माशानंच काम केलं. पण गडी सावरला. म्हणाला, "शनिवारी घरून आणून देऊं." तर शनिवारी बाहेरचं चालत नाही. आणि घरी कधी सोडणार? सत्र संपल्यावर. फोन? आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. मराठी, कोकणी? "कॅम्पसवर इंग्लिशच बोलायचं असतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या मुलीला विचारलं, "पोटात दुखलं तर आई गं म्हणायचं की मदर गं म्हणायचं?" सुमीनं माझं पातळ ओढलं.

मग मुलींचं वसतिगृह. लांबच लांब खोली, ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी एक कपाट. पलंगावर पांढरी चादर ताणून बसवलेली, सुरकुती नाही. इतका वेळ तन्वी आमच्या मागून गप चालत होती. इथं ती थांबली. तिनं एका चादरीवर हात ठेवला आणि विचारलं, "कपाटाला किल्ली असते?"

"हो, कुलूप प्रत्येकीनं आपलं आणायचं."

"आणि सकाळी किती वाजता उठवतात?"

"सहा. बेल होते."

"सहा?" तन्वीनं पुन्हा विचारलं. "त्याच्या आधी कोणी उठवत नाही?"

"नाही, नाही, नियम आहे."

मी लगेच सुमीच्या कानात म्हटलं, "बघ, घाबरली गं लेकरू. परक्यांत चोऱ्यांची भीती, त्यात सहाला घंटा." सुमीच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना गाडीत मी विनायकरावांना जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तन्वी खिडकीला डोकं टेकून झोपून गेली होती. पेडणे सोडलं ते तिनं घर येईपर्यंत डोळा उघडला नाही. आम्ही म्हटलं, उन्हानं थकली.

रविवार, पेडणे

आमच्याकडं असा पेच पडला की चार माणसं बसतात, आवाज चढतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. विनायकरावांकडची रीत वेगळी. त्यांच्या घराण्याचा देव पेडण्याकडच्या एका गावात आहे. लग्न असो, घराचा पाया असो, देवाला विचारल्याशिवाय काही होत नाही. आधी गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरच्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं सगळं सांगतो. एकेक वाक्य संपलं की जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मग देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. विनायकराव म्हणाले, "तुमचें नको, माझें नको. देव सांगतलो तें."

मला हे आवडलं असं नाही, पण म्हटलं ठीक आहे. आणि मी काय केलं ते सांगते. विनायकराव गाडी लावत होते, सुमी आणि तन्वी तळीवर पाय धूत होत्या, तेवढ्यात मी पुढं जाऊन गुरवाला गाठलं. म्हातारा माणूस, कमरेला पंचा, पानविडे मांडत बसला होता. म्हटलं, "गुरवबुवा, बापाचं ऐकून गाऱ्हाणं घालू नका. पोरीच्या मनात घर सोडून जायचं नाही. तेवढंच देवाला सांगा, आणि कौल मागा तो घरात राहण्याचा."

त्यांनी विचारलं, "लेकरान सांगलां तसां?"

"माझी भाची आहे. तिनं सांगायची काय गरज?"

गुरवांनी हातातला विडा खाली ठेवला. मग म्हणाले, "बरां."

देऊळ लहान, कौलारू, थंड. बाहेर चाफा फुललेला. आम्ही चौघं ओळीनं उभे राहिलो, सोबत गावातली दोनचार माणसं, रविवारची सहज आलेली. गुरवांनी नारळ-विडा देवापुढं ठेवला, हात जोडले आणि असा आवाज लावला की अंगावर काटा आला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरचां लेकरू तुज्या पायांकडे उबां आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ताची शिकपाची वाट तुका विचारूंक आयली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ताच्या मनांत आई-बापायक सोडून वचूंक ना, म्हाराजा! ताका घरच्या उंबऱ्याभितर सुखी दवर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. विनायकराव गोंधळून माझ्याकडं बघायला लागले.

आणि माझ्या शेजारून, बारीक पण स्पष्ट आवाज आला.

"न्हय म्हाराजा."

गुरवांचे हात जोडलेले तसेच राहिले. ते वळले आणि रागानं नाही, समजावून म्हणाले, "बाय, देवाम्होऱ्यां न्हय म्हणपाची रीत ना."

पण पोर म्हणाली, "मग फट म्हणपाची रीत आसा?" फट म्हणजे खोटं.

ते फट माझं होतं.

सुमीनं तिचा दंड धरला. "तनू, काय बोलतेस? तुला जायचंय? आईला सोडून?"

"मला झोपायचंय, आई."

"म्हणजे?"

मग ती बोलली. आईकडं बघून नाही, देवाकडं बघून. "रोज काळोखात उठते. भाकऱ्या करते, डबे देऊन येते, चहा करते. मग शाळा. मग ट्यूशन. रात्री तू पीठ चाळायला हाक मारतेस. मला वर्गात काही ऐकू येत नाही, नुसती झोप येते. माझी वही पिठाची, माझा फ्रॉक धुराचा. मला राग नाही आई, तुला कोण आहे दुसरं? पप्पा रवतात ना मुरगावात? ते सुटले. मला पण दोन-तीन वर्षं..." ती थांबली. "तिथं सहापर्यंत कोणी उठवत नाही. तिनं सांगितलं, नियम आहे."

मी तोंड उघडलं. अजून वाटत होतं, काहीतरी तोडगा काढता येईल. "मग डबे बंद करू! घरी राहा, झोप, शीक. एवढ्यासाठी घर सोडून जातात होय?"

तन्वी माझ्याकडं वळली. "आज बंद होतील, मावशी. चतुर्थी झाली की परत चालू. आणि तूच म्हणालीस ना, काय टुमटुमीत फुगते?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी गडहिंग्लजवरून धावत आले, बापावर ओरडले, काचेच्या शाळेवर ओरडले, घोड्यांवर ओरडले. मुख्याध्यापिका बाई पेंगते म्हणाल्या तर त्यांच्यावर उखडले. आणि चुलीपुढं काळोखात बसलेल्या पोरीला काय दिलं, तर शाबासकी! मला माझाच इतका संताप आला की देवळाबाहेर जाऊन चपला आपटाव्यात असं वाटलं. आम्ही तिघंही तिच्या भल्याचं भांडत होतो आणि तिघांनाही ती उभी झोपलेली दिसली नाही.

गुरवांनी विडा उचलून पुन्हा नीट मांडला, बाजूला सरले आणि म्हणाले, "तर मागीर तुजां गाराणां तूंच घाल, बाय."

"मला येत नाही."

"देवाक सगळां येता. तू सांग गो."

तन्वी पुढं गेली. हात जोडले. तिचा आवाज गुरवांसारखा घुमला नाही, शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसा आला. "बा देवा म्हाराजा. मला शिकायला जायचंय. माझ्या आईला कोणीतरी मदतीला मिळू दे. आणि तिनं माझ्यावर रागावू नये, म्हाराजा."

आता कोणीतरी "व्हय" म्हणायला हवं होतं. गावातली माणसं जमिनीकडं बघत होती. विनायकरावांचा आवाज फुटेना. ज्यांना हेच हवं होतं त्यांनाच म्हणवेना. मला वाटलं, पोरीचं गाऱ्हाणं असंच लटकत राहणार.

"व्हय म्हाराजा," सुमी म्हणाली.

डोळे पुसले नाहीत, पदर तोंडाला लावला नाही. लेकीच्या पाठीकडं बघत पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" तेव्हा कुठं आम्हा सगळ्यांना आवाज फुटला.

पाकळ्या लावल्या. उजवी पडली की डावी, हे मला विचारू नका. मी सुमीकडं बघत होते.

सोमवार, परत डिचोली

सोमवारी पहाटे परातीपुढं मी बसले. सुमी वांगी चिरत होती. तन्वी आतल्या खोलीत झोपली होती आणि तिला हाक मारायची नाही, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. माझी एक भाकरी फुगेल तर शपथ. डबे नेऊन द्यायला विनायकरावांनी स्कूटर काढली. मुरगावला दुपारी जातो म्हणाले. जाताना दारात रेंगाळून म्हणाले, "अक्का, इतक्या दिसांनी मला हें कधी दिसलां ना." मी म्हटलं, "आठवडाभर नसता, दिसणार कसं? पण सुमी घरात होती, मी चार दिवस इथं होते. आम्हाला तरी कुठं दिसलं?" त्यांनी शाळेला फोन करून हो कळवलं. चंदगडकडची एक बाई वसाहतीत नवऱ्याबरोबर राहते, ती भाकऱ्या थापायला येईल म्हणून सुमीनं निरोप धाडला. हेच दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं, हे मी तिला तिथंच सुनावलं. तिनं ऐकून घेतलं.

ती शाळा मला अजून पटलेली नाही, हेही लिहून ठेवते. काचा पटत नाहीत, घोडे पटत नाहीत, महिन्यातून एकदा बोटभर मासा पटत नाही, आणि पोटात दुखलं तर इंग्रजीत सांगायचं हे तर मुळीच पटत नाही. पण त्याहून जास्त राग मला ह्याचा येतो की चांगल्या आईबापांच्या, चांगल्या घरातल्या पोरीला नुसतं झोपायला घर सोडून जावं लागतं. आणि अशा घरांत माझ्यासारखी एक मावशी पाहुणी येते, पोरीच्या भाकरीचं कौतुक करते आणि पोटभर जेवून जाते.

ऊन चांगलं वर आल्यावर तन्वी उठली. दचकून बाहेर आली, चुलीकडं बघितलं, मग आमच्याकडं. सुमी म्हणाली, "चहा झाकून ठेवलाय, बघ." पोर उंबऱ्यातच बसून चहा प्याली.

बसला वेळ होता म्हणून मी तिला घेऊन डिचोलीच्या बाजारात गेले. मानकुराद आंबे बघितले, कोकमाची सोलं घेतली आणि मग एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले. "कपाटाला लावायचं कुलूप द्या. लहान, पण मजबूत." दुकानदारानं काढलं. दोन किल्ल्या होत्या, एका तारेत अडकवलेल्या. तन्वीकडं बघून त्याला कळलं असावं. मला म्हणाला, "बोर्डिंगाक वता? एक किल्ली घरच्यांकडे दवरा, ताई. पोरां शेणयतात." दवरा म्हणजे ठेवा, शेणयतात म्हणजे हरवतात.

आदल्या आठवड्यातली मी असते तर एक किल्ली माझ्याच पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली असती. मी तार उलगडली नाही. दोन्ही किल्ल्या तशाच तिच्या हातात ठेवल्या आणि दुकानदाराला म्हटलं, "हरवू देत. तिचं कुलूप आहे, ती फोडेल."